धनुर्वात लस, जखमेनंतरची

जखमेतून शिरलेल्या क्लॉस्ट्रिडियम टेटानी जंतूच्या विषाचा परिणाम टळावा म्हणून दिले जाणारे विषाभाचे (टॉक्सॉइडचे, म्हणजे निर्विष केलेल्या जंतुविषाचे) इंजेक्शन. व्यवहारातील नाव ‘टीटी’. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात मात्र आता घटसर्पाच्या विषाभाचाही अल्पांश असलेली ‘टीडी’ लस वापरतात. मात्रा ०·५ मिलि., दंडाच्या डेल्टॉइड स्नायूत. लस २° ते ८° से. तापमानात ठेवतात, गोठलेली टाकून देतात, कारण तिच्यातील अ‍ॅल्युमिनियम क्षाराचे कण गोळा होऊन गुण घटतो.

प्राथमिक मात्रा पूर्ण झालेल्यांना स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी शेवटच्या मात्रेला १० वर्षे आणि खोल किंवा माती-शेण लागलेल्या जखमेसाठी ५ वर्षे उलटली असतील तरच पुन्हा टोचतात. जखम गंजलेल्या वस्तूने झाली, याला स्वतंत्र महत्त्व नाही. पूर्वी लस न घेतलेल्यात पहिल्या मात्रेने प्रतिपिंडे (विष निष्प्रभ करणारी रक्तातील प्रथिने) वेळेत तयार होत नाहीत. म्हणून अशांच्या दूषित जखमेत लशीबरोबरच मानवी इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) २५० एकक (जखमेला २४ तास उलटले असल्यास ५००) वेगळ्या सुईने, वेगळ्या जागी देतात. घोड्याच्या रक्तद्रवापासून केलेल्या जुन्या प्रतिविषाने ७–१० दिवसांनी ताप, अंगावर पित्त व सांधेदुखी उद्‌भवत असे. लशीच्या बदनामीत त्याचाही वाटा असावा.

दंड दुखणे, लाली, सूज, बारीक ताप हे २–३ दिवसांत ओसरते. टोचल्या जागी गाठ काही आठवडे राहू शकते. खांद्यापासून कोपरापर्यंत येणारी सूज (आर्थस प्रतिक्रिया) बहुधा मात्रा वारंवार घेतल्याने, शिल्लक प्रतिपिंडांमुळे येते. ती टोचल्यावर काही तासांतच सुरू होते. अशा व्यक्तीला १० वर्षे पुन्हा लस देत नाहीत, जखम दूषित असली तरी. तीव्र अधिहर्षता (अ‍ॅलर्जी) विरळा. तरीही अर्धा तास थांबवून ठेवतात.

मज्जातंतूंच्या विकारांबाबत मतभेद आहेत. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९४ मध्ये बाहूच्या मज्जाजालाचा दाह व गीयाँ-बारे लक्षणसमूह (हातापायांची शक्ती जाणारा मज्जातंतूंचा विकार) यांचा विषाभाशी कार्यकारणसंबंध ग्राह्य मानला. २०१२ च्या अहवालात मात्र पुरावा अपुरा ठरवला. गीयाँ-बारेबाबतचा आधार मुख्यतः एकाच रुग्णाचा होता. त्याला तीन वेळा लशीनंतर विकार झाला, पण पुढे लशीविनाही तो उलटत राहिला. त्यामुळे दुसरे मत अधिक पटणारे. लशीनंतर ६ आठवड्यांत हा विकार झालेल्यांबाबत सावधगिरी मात्र कायम आहे. बाहूच्या मज्जाजालाचा दाह म्हणून सांगितली जाणारी खांदेदुखी कधीकधी सुई फार वर, सांध्यालगत टोचल्याचीही असते.