गाइड कॅमेरा : हौशी खगोल छायाचित्रणासाठी निवड

छायाचित्रण चालू असताना एका किंवा अनेक ताऱ्यांवर नजर ठेवणारा आणि तारा जागचा हलताच संगणकामार्फत दुर्बिणीच्या माउंटची (दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या बैठकीची) चाल सुधारणारा छोटा कॅमेरा. पृथ्वीची नाक्षत्र फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांची असल्याने खगोलीय विषुववृत्तावरचा तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकतो. माउंटची मोटर ही गती भरून काढते. तरी मोटरची गती माउंटला पोचवणाऱ्या वर्म-गिअरच्या (मळसूत्री दातेचाकांच्या) घडणीतील उणिवांमुळे तारा प्रत्येक फेऱ्यात काही विकला पुढेमागे होतो आणि पाच मिनिटांच्या फोटोत ठिपक्याऐवजी तांदळाच्या दाण्यासारखा उमटतो.

गाइडिंगचा, म्हणजे ताऱ्यावर नजर ठेवून चाल सावरण्याचा, आरंभ कोठून धरायचा, हे त्या शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहे. अमेरिकी खगोलनिरीक्षक हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातील तेजोमेघाचे ५१ मिनिटांचे छायाचित्र घेतले. मात्र तेथे मुख्य भर दुर्बिणीच्या घड्याळी चालीवर होता. खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड गिल यांनी १८८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप येथे धूमकेतू टिपताना कॅमेरा दुर्बिणीलाच बांधला व दुर्बिणीतून पाहत हाताने चाल सावरली. आजच्या अर्थाशी हे अधिक जुळते, म्हणून आरंभ येथे धरणे सयुक्तिक वाटते. १८८७ मध्ये पॅरिसला ठरलेल्या ‘कार्त द्यू सिएल’ या आकाशनकाशाच्या प्रकल्पात छायाचित्रण दुर्बिणीला डोळ्याने पाहण्याची जोडदुर्बीण असे. हैदराबादची निजामिया वेधशाळा त्या प्रकल्पात सहभागी होती. प्रकाशविद्युत पद्धतीच्या स्वयंचलित गाइडिंगवर व्हिटफर्ड व क्रॉन यांचा निबंध १९३७ चा आहे. हौशी निरीक्षकांपर्यंत ही सोय पोहोचली ती बहुधा १९८० च्या दशकाच्या अखेरीस, एसबीआयजी कंपनीच्या ‘एसटी-४’ या १९२ × १६५ पिक्सेलच्या उपकरणाने. ते उपकरण मागे पडले, नाव मात्र माउंटवरील सहा तारांच्या सॉकेटला चिकटले. आता दुरुस्तीचे आदेश बहुतेक वेळा यूएसबीवरून थेट माउंटला जातात, तेव्हा कॅमेऱ्याला एसटी-४ सॉकेट नाही म्हणून तो नाकारण्याचे कारण उरलेले नाही.

निवडीचा कणा म्हणजे प्रतिमा-प्रमाण. पिक्सेलच्या मायक्रॉनमधील आकाराला २०६.२६५ ने गुणून मिलिमीटरमधील केंद्रांतराने (भिंगापासून प्रतिमेपर्यंतच्या अंतराने) भागले की एका पिक्सेलमध्ये किती विकला मावतात ते कळते. १२० मिमी केंद्रांतराच्या गाइडस्कोपवर (गाइड कॅमेऱ्यासाठी मुख्य दुर्बिणीला जोडलेल्या छोट्या दुर्बिणीवर) ३.७५ मायक्रॉनचा पिक्सेल सुमारे ६.४५ विकला व्यापतो, २.९ मायक्रॉनचा सुमारे ५. हे आकडे पाहून नवखा बिचकतो. पण सॉफ्टवेअर ताऱ्याच्या प्रकाशाचा मध्य काढते आणि तारा पुरेसा ठळक असल्यास पिक्सेलच्या दहाव्या भागाइतका फरकही ओळखते. गाइडस्कोपचे केंद्रांतर मुख्य दुर्बिणीच्या निम्मे तरी हवे, हा नियम डोळ्याने गाइड करण्याच्या काळातला आहे. ४०० मिमीच्या लेन्ससोबत १२० मिमीचा गाइडस्कोप चालून जातो.

२,०३२ मिमी केंद्रांतराच्या आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीवर (आरशांच्या एका प्रकारच्या दुर्बिणीवर) गणित पालटते. वेगळा गाइडस्कोप आणि मुख्य नळी किंचित वेगवेगळ्या वाकतात, आरसाही जागचा सरकतो. म्हणून प्रिझमने कडेचा प्रकाश घेणारा ऑफ-ॲक्सिस गाइडर लागतो. तेथे २.९ मायक्रॉनचा पिक्सेल जेमतेम ०.३ विकलेचा होतो. हवेने दोन-तीन विकला पसरवलेला तारा अशा दहा-दहा पिक्सेलवर विखुरला की अंधुक पडतो. ५.८६ मायक्रॉनचे पिक्सेल असलेला सोनी आयएमएक्स१७४ सेन्सर येथे सरस ठरतो, शिवाय त्याचे क्षेत्रही मोठे आहे. रंगीत सेन्सरवरील फिल्टर प्रकाश खातात, म्हणून कृष्णधवल घ्यावा. मेगापिक्सेलची संख्या गौण.

निरीक्षणाच्या जागेचाही विचार करावा लागतो. उदाहरणार्थ, नाशिकचा अक्षांश सुमारे २० अंश उत्तर. ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर, म्हणजे शहरातल्या गच्चीवरून पुष्कळदा शेजारच्या इमारतीमागे किंवा धुरकट थरात. इतक्या खाली वातावरणीय वक्रीभवन (हवेत प्रकाश वाकणे) त्याला सुमारे अडीच कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) उचलून दाखवते, आणि काही माउंटचा प्रतिवजनाचा दांडा तिवईच्या पायाला टेकतो. त्यामुळे ध्रुवीय जुळणी (माउंटचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर करणे) ओबडधोबड राहते. गाइडिंगने तारा जागेवर राहतो खरा, पण त्याच्याभोवती सगळे क्षेत्र हळूहळू फिरते. ही चूक कोणताही गाइड कॅमेरा काढू शकत नाही. जुळणीसाठीही हाच कॅमेरा वापरायचा असेल तर त्याचे क्षेत्र रुंद हवे. ४.८ × ३.६ मिमीचा सेन्सर १२० मिमीवर सुमारे २.३ × १.७ अंश दाखवतो, ते पुरेसे आहे.

दक्षिणेकडचे पिंड मोहात पाडतात. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ नाशिकहून याम्योत्तरावर (सर्वांत उंच असताना) जेमतेम २२ अंश चढतो. तेथील हवेच्या थरथरीमागे माउंट धावू नये म्हणून गाइड उद्भासन (गाइड कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोचा वेळ) एका सेकंदाऐवजी तीन-चार सेकंदांचे ठेवतात. तेव्हा कॅमेऱ्याच्या अतिवेगाचा काही उपयोग नसतो.

जून ते सप्टेंबर उपकरणे सिलिका जेलच्या डब्यात असतात. खरा हंगाम थंडीचा, आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांजवळ पहाटे दव मुक्काम ठोकते. गाइडस्कोपच्या ३० मिमीच्या उघड्या भिंगावर ते आधी बसते: गाइडिंगचा आलेख शांत असतो, ताऱ्याची तेजस्विता मात्र उतरत जाते, आणि तीनच्या सुमारास पडद्यावर ‘तारा हरवला’ असा इशारा येतो. कॅमेऱ्यावर संशय घेण्याआधी भिंगावर बॅटरीचा उजेड टाकून पाहावा. दवरोधक तापपट्टी १२ व्होल्टवर चालते. तिची तरतूद कॅमेऱ्याच्या खर्चातच धरावी.