आठवणीतून भूत गळतं तेव्हा

काही वर्षांपूर्वी मी एका भयकथेचं परीक्षण लिहिलं, तेही वाचून झाल्यावर तीन आठवड्यांनी. बंद खोलीत घरमालकाचा वेडा भाऊ राहतो आणि रात्री कडी तोच वाजवतो, असं मी त्यात बिनदिक्कत लिहिलं होतं. पुढे कथा पुन्हा काढून बघतो, तर भाऊ कुठेच नाही. खोलीत कोण आहे हे लेखक शेवटपर्यंत सांगत नाही. कडी आतून वाजते, बस्स. भाऊ माझ्या डोक्याने परस्पर आणून बसवला होता.

हे माझ्या एकट्याचं होत नाही. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याच धर्तीचे आहेत. त्यांनी वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा दिली. दोन तरुण सील या समुद्री प्राण्याची शिकार करायला नदीवर जातात. त्यातला एक अनोळखी योद्ध्यांच्या होडीत बसून लढाईला जातो. त्याला घाव लागतो, पण दुखत नाही, आणि ही भुतं आहेत असं त्याच्या मनात येतं. घरी परतून तो सगळी हकिगत सांगतो. सूर्य उगवताच तो कोसळतो, तोंडातून काहीतरी काळं बाहेर पडतं आणि तो मरतो.

वाचकांनी ही कथा आधी काही मिनिटांनी, मग आठवड्यांनी, महिन्यांनी आठवून लिहिली. सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. तोंडातून निघालेल्या काळ्या वस्तूचा कुठे फेस झाला, कुठे आत्मा. आणि भुतं? कित्येकांच्या लिखाणातून ती नाहीशीच झाली. काहींनी तर ‘भुतं’ हे टोळीचं नाव ठरवून टाकलं. बार्टलेट यांचं म्हणणं असं, की आपण आठवतो तेव्हा जुनं चित्र जसंच्या तसं उघडत नाही, मनातल्या ओळखीच्या साच्यांतून ते नव्याने रचतो. साच्यात न बसणारं आधी गळतं, नाहीतर बदलतं.

आता भयकथा जगते कशावर? नेमकं साच्यात न बसणाऱ्या गोष्टीवर! म्हणून माझं ठाम मत आहे, की इतर कुठल्याही पुस्तकापेक्षा भयकथेचं परीक्षण उशिरा लिहिणं जास्त घातक. तोवर आपल्या हातात सांगाडा उरतो आणि भूत निघून गेलेलं असतं.

शरीराची साक्ष तर त्याहून अल्पजीवी. वाचताना धोका खोटा आहे हे ठाऊक असूनही मेंदूतला धोका टिपणारा अमिग्डाला हा भाग सावध होतो, शरीराला धोक्यासाठी तयार करणारी अनुकंपी मज्जासंस्था जागी होते, केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात आणि अंगावर काटा येतो. काही क्षणांत तो उतरतोही. तो कोणत्या वाक्याला आला होता, हे दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही. म्हणून मी पेन्सिल हाताशी ठेवतो आणि काटा आला की समासात एक आडवी रेघ ओढतो. शब्द लिहीत नाही, त्याने तंद्री मोडते.

या रेघा किती हव्यात? माझा अनुभव सांगतो, की जास्त म्हणजे चांगलं असं मुळीच नाही. डेन्मार्कमधल्या, करमणुकीसाठी उभारलेल्या एका ‘भुताच्या घरा’त ११० जणांच्या छातीचे ठोके मोजून केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे भीती आणि मजा यांचा आलेख उलट्या ‘यू’सारखा निघाला. भीती फार कमी असेल तर मजा नाही, फार झाली तरी नाही. तो अनुभव पुस्तकाचा नव्हता, हे खरं. तरीही नुसतं ‘भयंकर घाबरलो’ हे कौतुक मला अपुरं वाटतं. लेखकाने भीती कुठे थोपवली, कुठे सैल सोडली, हे परीक्षणात हवं.

रहस्यकथेत धोका वेगळा आहे. खुनी कळला की ‘मला आधीच वाटलं होतं’ असं वाटू लागतं. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये दाखवलं, की निकाल कळल्यावर तो आधीपासूनच अटळ होता असं माणसांना वाटतं, आणि त्यांना स्वतःचे जुने अंदाजही बदलून आठवतात. त्यामुळे निम्म्यावर आल्यावर मी संशयिताचं नाव चिठ्ठीवर लिहून पुस्तकात खोचतो. लेखकाने मला फसवलं की नाही, याचा निवाडा ती चिठ्ठी करते.

पुस्तक संपलं की त्याच रात्री, ते मिटून, आठवेल ते लिहून काढावं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिलं. मात्र आठवताना शिरलेली चूकही पक्की होऊ शकते, तेव्हा नंतर पुस्तक उघडून पडताळणं आलंच.

त्या कडीच्या कथेला मी आता पुन्हा पेन्सिल लावली आहे. रेघ कडीच्या आवाजापाशी पडेल असं वाटलं होतं. पडली ती दोन ओळी आधी, जिथे घरमालक जेवता जेवता मान वर न करता म्हणतो, “आज लवकर वाजणार.”