नौकेतील इंधनपुरवठ्याची क्षमतावाढ

नौकेवरील जुने इंजिन काढून अधिक अश्वशक्तीचे बसवताना टाकीपासून इंजिनाच्या पंपापर्यंतचा इंधनाचा मार्ग नव्या गरजेनुसार मोठा व निर्धोक करण्याच्या कामाला इंधनपुरवठ्याची क्षमतावाढ म्हणतात. टाकी, तिची हवानळी, टाकीत उतरलेली शोषनळी, झडपा, पाणी वेगळे करणारा फिल्टर, नळ्या, टाकीतून इंधन ओढून इंजिनाकडे ढकलणारा फीड पंप आणि न जळलेले इंधन टाकीत परत नेणारी नळी हे सर्व भाग तिच्या कक्षेत येतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः कोकण किनाऱ्यावरील मासेमारी नौकांवर असतात तशा, नौकेच्या आत बसवलेल्या डिझेल इंजिनांचा विचार केला आहे.

डिझेल इंजिन पूर्ण भाराखाली दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.२ लिटर इंधन जाळते. म्हणजे ६० अश्वशक्तीच्या इंजिनाला ताशी सुमारे १२ लिटर, तर १२० अश्वशक्तीच्या इंजिनाला सुमारे २४ लिटर लागतात. मात्र नळीचा हिशेब या आकड्यावर करणे ही मोठी चूक आहे. पंप जेवढे इंधन जळते त्याहून जास्त ओढतो. उरलेले इंधन इंजेक्शनच्या (इंजिनात इंधन फवारणाऱ्या) भागांना वंगण देऊन, त्यांची उष्णता घेऊन टाकीत परतते. हे प्रमाण इंजिनानुसार बदलते आणि काही इंजिनांत ओढलेले इंधन जळालेल्याच्या दुप्पट-तिप्पट असते. म्हणून माहितीपुस्तिकेत इंधनाच्या खपाचा नव्हे, तर पंप ताशी किती इंधन ओढतो त्याचा आकडा पाहावा लागतो.

नळीतील प्रवाह संथ व समांतर थरांचा असतो तोवर तिचा रोध आतील व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्यामुळे आतील व्यास ६ मिलिमीटरवरून ८ मिलिमीटर केला, तर तेवढ्याच प्रवाहाला होणारा रोध तिपटीहून अधिक घटतो. पण नळी बदलून टाकीच्या तोंडाची अरुंद झडप, काटकोनी सांधे किंवा शोषनळीच्या टोकाची बारीक जाळी तशीच ठेवली, तर खर्च होतो आणि अडचण कायम राहते. टाकीत उतरलेली ही शोषनळी बाहेरून दिसत नाही, म्हणून ती सर्वाधिक वेळा विसरली जाते.

फीड पंपाच्या अलीकडची, म्हणजे टाकीकडची बाजू ओढीची असल्यामुळे तिच्यातील दोष लपून राहतात. पंपाच्या पलीकडे सांधा सैल असेल तर डिझेल ठिबकते आणि दिसते. अलीकडे सैल असेल तर थेंबही बाहेर येत नाही, उलट हवा आत शिरते. अशी नौका बंदरात व्यवस्थित चालते. खुल्या समुद्रात पूर्ण भार दिला की इंजिनाचे फेरे हळूहळू उतरू लागतात, वेग कमी केल्यावर इंजिन सावरते आणि पुन्हा भार दिल्यावर तेच घडते. इंजेक्शन पंप खोलण्याआधी फिल्टर व फीड पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा तात्पुरता जोडून बुडबुडे दिसतात का ते पाहावे. हा उपाय स्वस्त आहे आणि बहुधा तोच दोष दाखवून देतो.

पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरची ताशी क्षमता पंपाच्या ओढीपेक्षा जास्त हवी. येथे १० ते ३० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाळणी पुरते. त्याहून बारीक गाळण्याचे काम इंजिनावरील फिल्टरचे आहे. नवे इंजिन अधिक जोराने ओढू लागले आणि लाटांनी टाकी ढवळली की वर्षानुवर्षे तळाशी साचलेला गाळ पहिल्या काही फेऱ्यांतच फिल्टरमध्ये येतो. त्यामुळे इंजिन बदलताना टाकी रिकामी करून धुणे अत्यावश्यक आहे. फिल्टरनंतर ओढीचा जोर दाखवणारा निर्वातमापक बसवून, फिल्टर नवा असताना पूर्ण भारावर काटा कुठे असतो ते लिहून ठेवावे. पुढे काटा त्याहून वर सरकू लागला की फिल्टर तुंबत असल्याचे खलाशालाही कळते.

परतीच्या नळीत अडथळा चालत नाही. दोन टाक्या असतील तर ज्या टाकीतून इंधन ओढले जाते तिच्यातच ते परतले पाहिजे; नाहीतर दुसरी टाकी भरून हवानळीतून डिझेल समुद्रात सांडते. हवानळी बुजली असेल, तर टाकीत निर्वात निर्माण होऊन पुरवठाच मंदावतो.

डिझेलसाठी जस्तलेपित नळ्या वा सांधे वापरू नयेत, कारण जस्ताशी अभिक्रिया होऊन तयार झालेला साबणासारखा पदार्थ फिल्टर व इंजेक्टर बिघडवतो. तांब्याची नळी सततच्या कंपनाने कडक होऊन तडकते. म्हणून तिच्या व इंजिनाच्या दरम्यान लवचिक नळी हवी, आणि तीही आयएसओ ७८४० या आंतरराष्ट्रीय मानकाची, आगीला काही काळ तोंड देणारी असावी. बागेला पाणी घालण्याचा पाइप किंवा साधी रबरी नळी इंजिनघरात कधीही लावू नये. आग लागल्यास ती वितळते आणि टाकीतले इंधन आगीला मिळत राहते.

जोडणीनंतर हवा काढावी लागते. फिल्टरच्या माथ्यावरील स्क्रू दोन आटे सैल करून फीड पंपाचा हातदांडा वरखाली करत राहिले की आधी फेस येतो, मग सुटे बुडबुडे आणि शेवटी अखंड धार. ती वाहत असतानाच स्क्रू आवळतात. सांडलेले डिझेल लगेच पुसावे, म्हणजे पुढे खरी गळती झाली तर ओळखता येते.

पाणी कापत संथ चालणाऱ्या नौकेला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शक्ती दुप्पट वापरली तरी वेग सुमारे २६ टक्केच वाढतो आणि तेवढ्याच टाकीत कापता येणारे अंतर एक तृतीयांशाहून अधिक घटते. ते भरून काढण्यासाठी जादा टाकी बसवतात, तेव्हा १,००० लिटर डिझेलचे वजन ८०० किलोग्रॅमपेक्षा जास्त असते हे लक्षात घेऊन ती शक्य तितकी खाली बसवतात, आणि अर्धी भरलेली असताना डिझेल एका बाजूला धावून नौका कलू नये म्हणून तिच्यात छिद्रे पाडलेले आडपडदे घालतात.