मधल्या सुट्टीतला त्रास आणि प्रगतिपुस्तक

घटक चाचणीनंतरच्या पालकसभेत पुण्यातल्या कुठल्याही शाळेत एक तक्रार हमखास ऐकू येते: "घरी सगळं येतं हो, पेपरात काय होतं कळत नाही." मग क्लास बदलतो, मोबाइल काढून घेतला जातो. व्हॅनमध्ये मागच्या सीटवर काय चालतं, डबा कोण हिसकावतं, हे विचारायचं राहून जातं. मार्कांची काळजी एका खात्यात आणि सुरक्षिततेची दुसऱ्या, अशी विभागणी आपल्याकडे जुनी आहे.

खरं तर पुण्याला या दोहोंतला संबंध फार आधी कळायला हवा होता. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाईंवर रस्त्यात शेण-दगड फेकले गेले. फेकणाऱ्यांना वर्गात शिरून फळा फोडायची गरज नव्हती. वाट नकोशी केली की वर्ग रिकामा पडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. उलट बाजूही याच शहरात दिसली. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. एरवी जिला शाळेच्या पायरीवर उभं केलं नसतं, त्या मुलीला कुणी हुसकावून लावणार नाही असा वर्ग मिळाला, तेव्हाची ही गोष्ट.

पुढे शाळेतला त्रास म्हटला की मास्तरांची छडी एवढंच डोळ्यांपुढे यायचं. पोरापोरांतल्या दादागिरीचा निकाल "मुलंच ती, भांडतील आणि एक होतील" या वाक्यावर लागायचा. अजूनही लागतो.

या प्रकाराकडे शास्त्रीय नजरेने पाहायला सुरुवात झाली स्कँडिनेव्हियात. मूळचे स्वीडिश मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७०च्या दशकात शाळकरी मुलांवर अभ्यास केला आणि साध्या भांडणापासून छळ वेगळा काढला: मुद्दाम केलेला, पुन्हा पुन्हा होणारा, आणि ज्याला परतवायची ताकद समोरच्यात नाही असा. १९८३ मध्ये नॉर्वेत देशभर मोहीम सुरू झाली. बर्गनमधल्या ४२ शाळांतल्या सुमारे २,५०० मुलांबरोबर ओल्वेयस यांनी काम केलं, आणि तिथे छळाचं प्रमाण बरंच खाली आलं.

पण याने मार्क कसे काय कमी होतात? अमेरिकेत एरिक बुस, गॅरी लॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीपासून पाचवीपर्यंत मुलांचा माग ठेवला. २००६ साली आलेले त्यांचे निष्कर्ष मला सगळ्यात उपयोगी वाटतात. ज्याला खेळात घेत नाहीत ते मूल वर्गातही हळूहळू मागे सरतं: हात वर करत नाही, गटात काही बोलत नाही, आणि त्यातून अभ्यास मागे पडतो. ज्याला सरळसरळ मारतात-चिडवतात ते शाळाच टाळू लागतं. रविवारी रात्री पोट दुखायला लागणारी मुलं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत. पहिल्या प्रकारातलं मूल मात्र 'शांत' म्हणून कौतुकाला पात्र ठरतं, तेच जास्त काळजीचं.

अनेक देशांतल्या मुलांची तुलना करणाऱ्या 'पिसा' चाचणीत २०१८ साली १५ वर्षांच्या मुलांना छळाबद्दलही विचारलं होतं. ही चाचणी घेणाऱ्या ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांत २३ टक्के मुलांनी महिन्यातून काही वेळा तरी त्रास होतो असं सांगितलं, आणि घरची परिस्थिती जमेस धरूनही त्यांचे वाचनातले गुण सरासरी २१ने कमी भरले. अर्थात, मागे पडलेल्या मुलालाच जास्त चिडवतात हेही खरं. दोन्ही बाजूंनी चक्र फिरतं.

आपल्याकडचे कायदे वेगळ्या वाटेने आले. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९चा. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. त्याच्या व्याख्येत चिडवणं, धमकावणं हेही आहे, तरी तो ओळखला गेला कॉलेजच्या वसतिगृहांपुरताच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी घातली, पण तिथे रोख मोठ्यांकडे होता. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२चा. २०११च्या स्कूल बस नियमांनी गाडीकडे पाहिलं.

याच शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा राखल्या. पुणे जिल्ह्यात त्या राज्यात सर्वाधिक असतात. या मुलांना वेगळं बसवू नये असं नियम सांगतो. बाकावर ती शेजारी बसतातही. "आरटीईवाला" हा शिक्का मात्र वर्गातच बसतो. बूट, डब्यातली भाजी, वाढदिवसाला काय वाटलं, यावरून. त्यासाठी कुठल्या फॉर्मात रकाना नाही.

१० मार्च २०२२ रोजी, म्हणजे सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनी, शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या नेमायचा शासन निर्णय निघाला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचाराची घटना घडली, आणि लगोलग सीसीटीव्ही बसवायला महिन्याची मुदत देण्यात आली. तक्रार पेटीचा नियमही नव्याने बजावला गेला. हे सगळं हवंच होतं. पण एखादी भयंकर घटना, मग शासन निर्णय, मग तपासणीचा तक्ता, या क्रमात रोजच्या चिडवण्याची पाळी येतच नाही. कॅमेरा गेटवर आणि जिन्यात असतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून एकाला काढून टाकलं, हे त्यात दिसत नाही. मूल चार दिवस गैरहजर राहिलं की चिठ्ठीवर "पोटदुखी" लिहून येतं, वर्गशिक्षिका सही करतात आणि चुकलेला धडा कुणाच्या तरी वहीतून उतरवून घ्यायला सांगतात. ती वही द्यायला कुणी तयार असतं का, हे विचारलं तरी बरंच कळेल.