जुन्या रिव्हॉल्वरचा हरवलेला भाग मिळत का नाही?

गिरगावात राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांच्या घरी पणजोबांचे रिव्हॉल्वर होते. पणजोबा इंग्रजी अमदानीत फौजदार. पुढे परवाना कुणाच्याच नावावर राहिला नाही, तेव्हा घरच्यांनी ते रीतसर परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केले. तिथल्या टेबलावर मी ते पाहिले. वेब्ली या इंग्रज कंपनीचे, मार्क सहा मॉडेलचे. मुठीच्या दोन फळ्यांपैकी एक नाही आणि सहा काडतुसे ज्यात बसतात ते मधले चक्रही नाही. नळी आणि मूठ यांच्या मधोमध नुसती चौकोनी खिडकी, तिच्यातून विक्रेत्याची पावतीपुस्तके दिसत होती.

स्नेही म्हणाले, “एवढंच ना? नागदेवीला घेऊन गेलो तर कुठलाही टर्नर दोन दिवसांत करून देईल.”

करून देईलही. नागदेवी म्हणजे मुंबईतला यंत्रे-हत्यारांचा बाजार आणि टर्नर म्हणजे लेथवर धातू कातणारा कारागीर. गिरण्यांच्या वर्कशॉपांत तयार झालेले हात आणि त्यांनी शिकवलेली पोरे मुंबईत अजून आहेत. पण असे चक्र करून देणारा टर्नर आणि करून घेणारा मालक, दोघेही गंभीर गुन्ह्यात सापडतील. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी ते चक्र त्या रिव्हॉल्वरचे होणार नाही. हा दुसरा मुद्दा जास्त जुना आहे, म्हणून आधी तो.

सॅम्युअल कोल्टने फिरत्या चक्राच्या शस्त्राचे अमेरिकन पेटंट १८३६ साली घेतले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याने आपली रिव्हॉल्वरे मांडली तेव्हा इंग्रज कारागीर चक्रावले ते नेमबाजीने नव्हे, यंत्रावर सुटे भाग घडवण्याच्या पद्धतीने. एका साच्याचे शेकडो भाग, फारशी कानस न लावता एकमेकांच्या जागी बसावेत अशी ती कल्पना होती (कोल्टच्या कारखान्यातही शेवटचा हात माणसाचाच फिरे, पण जाहिरातीत तो दिसत नसे). त्याच प्रदर्शनात लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सचे रिव्हॉल्वर होते. चौकट आणि नळी एकाच लोखंडी तुकड्यातली, चाप ओढला की घोडा आपोआप मागे जाऊन पडायचा. १८५७ च्या धुमाळीत हातघाईवर आलेल्या अनेक इंग्रज अधिकाऱ्यांना दर वेळी अंगठ्याने घोडा चढवायला लावणाऱ्या कोल्टपेक्षा हे बरे वाटले.

इंग्लंडचा हा धंदा मुख्यतः बर्मिंगहॅमचा, आणि तो धंदा म्हणजे एक छप्पर असलेला कारखाना नव्हता. शहराच्या बंदूकवाल्यांच्या मोहल्ल्यात कुणी नळ्या पोखरे, कुणी फक्त चाप-घोड्याची कळ घासे, कुणी मुठी करी. अर्धवट भाग घेऊन पोरे एका दुकानातून दुसऱ्या दुकानात पळत. भुलेश्वरच्या सोनारांत एकाकडे ओतकाम, दुसऱ्याकडे जडाव, तिसऱ्याकडे पॉलिश चालते तसेच. शेवटी जोडणी करणारा कारागीर कानस हातात घेऊन प्रत्येक भाग त्या एकाच शस्त्रापुरता बसवायचा. तयार मालाची चाचणी १८१३ साली स्थापन झालेल्या तिथल्या प्रूफ हाउसमध्ये व्हायची आणि चक्रावर, नळीवर तिचे शिक्के उठायचे.

वेब्ली याच शहरातले. ब्रिटिश सैन्याने त्यांचे मार्क एक हे मॉडेल १८८७ साली घेतले, मार्क सहा १९१५ साली पहिल्या महायुद्धात आले. तोवर यंत्रे सुधारली होती, भाग बरेचसे सारखे निघत होते. पण चक्राची गोष्ट वेगळी. चापाच्या प्रत्येक ओढीसरशी त्याने सहाव्या हिश्शाने फिरून नळीच्या अगदी समोर थांबायचे असते. फिरवणारी कळ, थांबवणारी खाच आणि चक्र व नळी यांच्यातले अंतर यांचा मेळ जोडणीच्या वेळीच जमवलेला असतो. म्हणून तर चौकट, नळी आणि चक्र यांच्यावर एकच क्रमांक ठोकायची रीत. जाणकार संग्राहक शस्त्र हातात आले की आधी हे क्रमांक ताडून बघतो. परदेशातून आणलेले सुटे चक्र याच मॉडेलचे असले तरी आणखी एक भानगड असते. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेली मार्क सहा रिव्हॉल्वरे अमेरिकेत विकली गेली तेव्हा तिथे सहज मिळणारी .४५ ची काडतुसे बसावीत म्हणून पुष्कळांची चक्रे मागून तासण्यात आली. तसले चक्र इथल्या चौकटीत घातले तर ते धड वेब्लीच्या मूळ .४५५ मापाच्या काडतुसांचेही नाही आणि धड मूळ घडणीचेही नाही.

आता कायदा. लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा शस्त्र कायदा हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगू देत नव्हता, युरोपियनांना मात्र मोकळीक होती. वेब्ली सैन्यात दाखल झाले त्याच १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाने या कायद्याविरुद्ध ठराव केला. आपल्याकडे क्रांतिकारकांच्या हकिकतींत सरसकट ‘पिस्तूल’ म्हणायची पद्धत आहे, पण सावरकरांनी १९०९ साली लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याकरवी मुंबईत पोचवलेली वीस ब्राउनिंग खरोखरच पिस्तुले होती. त्यांना फिरते चक्र नसते, काडतुसे मुठीत भरतात. जुन्या वस्तूंच्या बाजारात हा घोळ रोज ऐकायला मिळतो.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा, लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्याने रंगभेद काढला, परवाना ठेवला. दोन कलमे आमच्या रिव्हॉल्वरला थेट लागतात. पाचवे कलम म्हणते, परवान्याशिवाय शस्त्र बनवायचे नाही, विकायचे नाही, बदलायचे नाही आणि दुरुस्तही करायचे नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याला किमान ७ वर्षांची कैद आहे. नागदेवीचा टर्नर अडतो तो इथे.

मग मोडके शस्त्र हे शस्त्रच नाही, असा युक्तिवाद हमखास होतो. स्नेह्यांनीही केला. पंचेचाळिसाव्या कलमात जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोलाच्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे खरी, पण ते ‘दुरुस्त करून किंवा न करता’ बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशी अट आहे. सगळी मेख त्या ‘दुरुस्त करून’ मध्ये. चक्र नसलेली वेब्ली चक्र बसवल्यावर चालेल, म्हणजे ती कायद्याला बंदूकच. सुट्या किरकोळ भागांनाही सूट आहे, पण ते जोडीच्या भागांसोबत वापरायचा इरादा नसेल तरच. म्हणजे ज्याला तो भाग खरोखर हवा आहे, त्यालाच सूट नाही. कायदा करणाऱ्यांनी हे विचार करूनच लिहिले असावे असे माझे मत आहे. अडचण प्रामाणिक संग्राहकाची होते, तेवढे खरे.

यात भर पडली आयातबंदीची. १९८० च्या दशकात खासगी माणसाला परदेशी शस्त्र आणणे जवळजवळ बंद झाले आणि वेब्लीनेही १९७९ साली बंदुकांचे उत्पादन थांबवले होते. देशात जी विलायती रिव्हॉल्वरे होती तेवढीच राहिली. त्यांच्या किमती चढल्या आणि परवानाधारक कारागिराकडे निकामी शस्त्र आले की त्याच्या कमानी, खिळे, घोडा दुसऱ्याच्या कामी येऊ लागले. कानपूरच्या सरकारी कारखान्यातले .३२ चे रिव्हॉल्वर घडणीने वेब्लीच्याच वळणाचे आहे, पण त्याचे चक्र लहान मापाचे, इथे निरुपयोगी. पणजोबांच्या रिव्हॉल्वरचे चक्र असेच कुठे गेले, की पोराबाळांच्या घरात नको म्हणून कुणी काढून ठेवले आणि ठेवणारा गेला, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

संग्रहालयांनी या प्रश्नाला वेगळे वळण दिले आहे. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचे दालन आहे, वस्तूंच्या जतनासाठी स्वतंत्र विभागही आहे. जतनाचे शास्त्र हरवलेला भाग नव्याने घडवण्याच्या मागे सहसा लागत नाही. गंज थांबवायचा, उरलेला मूळ निळा मुलामा घासायचा नाही, शिक्के पुसू द्यायचे नाहीत, जे काही लावू ते पुढे काढता येईल असे लावायचे. चोरबाजारातल्या पितळी दिव्यांना चकचकीत पॉलिश मारून विकणाऱ्यांना हे पटणार नाही.

मुंबईत तर गंज हीच मोठी लढाई. खारी हवा, त्यात चार महिने पावसाळा. विक्रेत्याने दाखवले, नळीच्या एका बाजूला बारीक खड्ड्यांची रांग होती, बरोबर चामडी म्यानाच्या शिवणीच्या रेषेत. चामडे ओल धरते, कमावतानाचे क्षार धरून ठेवते आणि आतले पोलाद सावकाश खाते. पितळी गुंडीभोवती हिरवी बुरशी दिसते ती तांब्याचा गंज असते. म्यान आणि शस्त्र वेगळे ठेवा, हा सल्ला त्याने पावती फाडता फाडता दिला.

त्याप्रमाणे झाले आहे. रिव्हॉल्वर त्याच्या कपाटात, पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून. म्यान गिरगावात, शोकेसमध्ये, पणजोबांच्या फोटोखाली. म्यानाला परवाना लागत नाही.