रिकामी पुंगळी मापात आणणे (रायफल)

रायफल झाडल्यावर फुगलेली पितळी पुंगळी (काडतुसाचे बाहेरचे कवच) पोलादी साच्यात दाबून पुन्हा काडतूस भरण्याजोग्या मापात आणण्याची क्रिया. दारूचे वजन चुकू नये याकडे घरी काडतुसे भरणाऱ्या प्रत्येकाचे लक्ष असते. पुंगळी किती दाबायची हे मात्र पुष्कळदा साच्याबरोबर आलेल्या सूचनापत्रकावर सोडून दिले जाते, आणि चांगल्या पुंगळ्या अकाली बाद होतात त्या तिथेच. हा छंद अमेरिकेत खोलवर रुजलेला आहे. तिथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विक्रीसाठी लागतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, तेव्हा पुढचे वर्णन अमेरिकेतल्या प्रघाताचे आहे.

उदाहरणादाखल .३०८ विंचेस्टर हे १९५२ साली बाजारात आलेले काडतूस घेऊ. बार उडतो तेव्हा त्याच्या आतला दाब दर चौरस इंचाला ६२,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. त्या क्षणी पुंगळीची पातळ भिंत चेंबरला (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची पोकळी) घट्ट चिकटते आणि तप्त वायूला नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ देत नाही. दाब उतरताच पितळ किंचित आकसते, म्हणून तर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडून पुंगळी बाहेर ओढता येते. पण पहिल्या मापावर ती परत येत नाही. मान (गोळी धरणारा पुढचा अरुंद भाग) रुंदावलेली असते, खांदा (मान आणि अंग यांमधला उतार) पुढे सरकलेला असतो आणि बुडाच्या वरचे अंगही थोडे जाड झालेले असते.

पुंगळीचे पितळ म्हणजे सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. कारखान्यात पितळी वाटी टप्प्याटप्प्याने ओढून पुंगळी लांबवतात आणि मधेमधे ती तापवून मऊ करतात, कारण थंड दाबले की हे पितळ कडक होत जाते. (महाराष्ट्रात अंबरनाथच्या आयुध निर्माणीत अशा वाट्या होतात, खडकी आणि वरणगावला काडतुसे.) एकाच जागी वाकवत राहिलेली तार जशी शेवटी तुटते, तशी दर बाराला फुगणारी आणि दर वेळी साच्यात आवळली जाणारी मान अखेर चिरते.

काम सुरू होते पुंगळ्या साफ करण्यापासून. त्यासाठी अमोनिया असलेले पॉलिश वापरत नाहीत, आणि यामागचा अनुभव भारतातलाच आहे. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना आपोआप चिरा पडत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात राहून गेलेला ताण यांचा तो एकत्र परिणाम होता, हे १९२१ साली उलगडले.

नंतर वंगण. बोटांना लागेल इतकेच मेण पुंगळीच्या अंगावर फिरवतात, किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवलेले लॅनोलिन फवारतात. कोरडी पुंगळी साच्यात रुतून बसते. मग जोर लावला की बुडाची कड फाटते, आणि बुडाला भोक व आटे पाडून ती स्क्रूने ओढून काढावी लागते. वंगण जास्त झाले तर खांद्यापाशी साचते, त्याला निघायला वाट नसते आणि पितळात खळगा उमटतो.

प्रेसचा (साचा बसवलेल्या हातयंत्राचा) दांडा खाली ओढला की पुंगळी वर साच्यात शिरते. आतली सुई वापरलेली टोपी (बुडातली दारू पेटवणारी लहान डबी) खाली पाडते. बर्डन या वेगळ्या पद्धतीच्या पुंगळीत टोपीची ठिणगी आत जायला मधोमध छिद्र नसते, बाजूला दोन असतात, म्हणून तिच्यात ही सुई मोडते; आधी आत डोकावून पाहिलेले बरे. पुंगळी परत येताना सुईच्या दांड्यावरचा गोळा मानेतून ओढला जातो आणि मानेचा आतला व्यास ठरवतो. गोळीचा व्यास ०.३०८ इंच (७.८२ मिमी), मान त्याहून दोनेक हजारांश इंच अरुंद ठेवायची, म्हणजे गोळी पकडीत बसते. मान आतून कोरडी असेल तर हा गोळा चरचरत निघतो आणि मानेला ओढून वाकडी करतो. त्यासाठी आत ब्रशने अभ्रकाची किंवा ग्राफाइटची पूड फिरवतात.

खरा प्रश्न खांद्याचा. .३०८ काडतूस चेंबरमध्ये पुढे कुठवर जाईल हे खांदाच ठरवतो. साचा शेलहोल्डरला (पुंगळीचे बूड धरणाऱ्या प्रेसवरच्या तुकड्याला) टेकवून वर थोडा फेरा द्यावा, ही नेहमीची सूचना. अशी पुंगळी बहुतेक कुठल्याही रायफलीत जाते हे खरे, पण चेंबर ऐसपैस असेल तर खांदा फाजील मागे जातो. पुढच्या बाराला पुंगळीचा पुढचा भाग भिंतीला चिकटून राहतो, बूड मागे बोल्टवर आदळते, आणि मधले पितळ ताणून पातळ होते. म्हणून त्याच रायफलीतून उडालेल्या पुंगळीचा खांदा गेज लावून मोजावा आणि बोल्टच्या (दर बाराला हाताने बोल्ट चालवायच्या) रायफलीसाठी तिथून एक ते दोन हजारांश इंचच मागे घ्यावा. अर्धस्वयंचलित रायफलीला थोडी जास्त मोकळीक लागते. साच्याचे आटे इंचाला १४ असतात, म्हणजे एक हजारांश इंचासाठी साचा जेमतेम ५ अंश फिरवायचा.

नुसती मान आवळून अंगाला हात न लावण्याची रीतही आहे. तिच्यात पितळ कमी राबते, पण काही बारांनंतर बोल्ट जड चालू लागतो आणि पूर्ण साचा घ्यावाच लागतो. शिकारीत बोल्ट अडखळणे परवडत नाही. मोजून केलेले पूर्ण आकारणच दोन्हींत सरस.

दाबलेले पितळ पुढे सरकते आणि पुंगळी लांब होते. .३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, त्यापुढे गेली की २.००५ इंचांवर कापतात. न कापलेली मान चेंबरच्या टोकाशी चेपून गोळीला आवळते आणि दाब धोकादायक वाढतो. कडक झालेली मान व खांदा ज्योतीवर काही क्षण धरून मऊ करता येतात. बुडापर्यंत उष्णता पोचू द्यायची नाही, कारण मऊ झालेले बूड दाब पेलत नाही.

१८८४ मध्ये निघालेल्या आयडियल कंपनीची चिमट्यासारखी हत्यारे हे घरगुती भरणीचे जुने साधन. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल इथे फ्रेड हंटिंग्टन यांनी आरसीबीएस कंपनी सुरू केली. तिचे प्रेस आणि साचे पुढे घरोघरी पोचले.

दर भरणीआधी बुडाच्या वरचा भाग तपासतात. बाहेरून तिथे गोल चकाकती रेघ दिसली, तर पेपरक्लिपचे टोक वाकवून आतून फिरवून बघायचे. खाचेत अडकल्यासारखे लागले, की ती पुंगळी पुढच्या बाराला तिथेच दुभंगण्याची भीती असते. अशी पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाकतात, म्हणजे ती चुकून पुन्हा भरली जात नाही.