प्रथम संपर्क

प्रथम संपर्क : मानव आणि पृथ्वीबाहेरील बुद्धिमान जीव यांची पहिली गाठ, आणि तिच्यातून उद्भवणारे भाषेचे, चालीरीतींचे व हितसंबंधांचे प्रश्न. विज्ञानकथेत आणि अंतराळविज्ञानाच्या आनुषंगिक चर्चेत ही संज्ञा वापरतात. ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ या इंग्रजी शब्दप्रयोगाचा हा सरळ अनुवाद असून ‘परग्रहवासीयांशी पहिली भेट’ असेही मराठीत लिहिले जाते. अशी गाठ पडल्याचा सर्वमान्य पुरावा आजवर मिळालेला नाही. प्रस्तुत नोंदीत म्हणून त्या गाठीच्या कल्पनेचा आणि तिच्यासाठी माणसाने केलेल्या तयारीचाच विचार केला आहे.

संज्ञेचा उगम : हा वादाचा विषय आहे. विल्यम फिट्झजेरल्ड जेंकिन्स या अमेरिकन लेखकाने मरी लाइन्स्टर या टोपणनावाने लिहिलेली ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ ही कथा ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या मासिकाच्या मे १९४५ च्या अंकात आली. संज्ञेचे जनकत्व सामान्यतः तिलाच देतात. खेकडा अभ्रिकेत (अवकाशातील वायू व धुळीच्या एका मेघात) पृथ्वीचे एक यान आणि परक्यांचे एक यान अचानक समोरासमोर येतात. परके सभ्य आहेत, विनोदबुद्धीचेही आहेत. तरी पेच सुटत नाही. आपण घरी परतलो आणि समोरचा माग काढत आला तर? आणि त्याला तसेच जाऊ दिले, तर तो उद्या आरमार घेऊन येणार नाही कशावरून? शेवटी दोन्ही बाजू मूळ ग्रहाचा ठावठिकाणा सांगणारी सर्व साधने व नोंदी नष्ट करतात आणि यानांची अदलाबदल करून आपापल्या वाटेने जातात. दोन भाषांमध्ये दुवा साधणारे यंत्रही याच कथेत आहे. पुढे असंख्य कथा-चित्रपटांनी ते गृहीत धरले आणि भाषेची अडचण एका वाक्यात निकालात काढली.

लाइन्स्टरच्या वारसांनी २००० साली हाच शब्दप्रयोग शीर्षकात असलेल्या १९९६ च्या एका अमेरिकन चित्रपटाच्या निर्मात्यांवर दावा लावला. कथेच्या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने दावा फेटाळला. शब्द कोणी का घडवलेला असेना, तो आता एका कथाप्रकाराचे सर्वसाधारण नाव झाला आहे, असा निकालाचा आशय होता. कोशकाराच्या दृष्टीने हा निकाल सोयीचा आहे, पण त्याने व्युत्पत्तीचा प्रश्न सुटत नाही. मानवशास्त्रात हाच शब्दप्रयोग बाहेरच्या जगाशी संबंध न आलेल्या समाजाच्या व आगंतुकांच्या पहिल्या भेटीला लावतात. मायकेल लीही हा ऑस्ट्रेलियन सोनेशोधक १९३० मध्ये न्यू गिनीच्या अंतर्भागातील डोंगराळ प्रदेशात शिरला, ते याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. विज्ञानकथेने शब्द मानवशास्त्राकडून घेतला की दोन्हीकडे तो स्वतंत्रपणे रुळला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. शब्द कोठूनही आलेला असो, त्यामागचा अनुभव वसाहतींच्या इतिहासातला आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पूर्वेतिहास : लूशियन या ग्रीक लेखकाच्या इ. स. दुसऱ्या शतकातील एका उपहासकथेत चंद्रवासी आणि सूर्यवासी यांचे युद्ध आहे. कारण एकच : शुक्रावर वसाहत कोणी करायची. युद्ध तहाने मिटते. शुक्रावर दोघांनी मिळून वसाहत करावी आणि चंद्राच्या राजाने दरवर्षी दहा हजार घडे दव खंडणी म्हणून द्यावे, असे त्यात ठरते. हा मजकूर थट्टेचा आहे आणि त्याला विज्ञानकथा म्हणावे का, यावर दोन मते आहेत. तथापि संघर्षाचे कारण आणि सहकार्याची अट या दोन्ही गोष्टी इतक्या स्पष्टपणे एकत्र मांडणारे त्याहून जुने उदाहरण सहसा दिले जात नाही. व्हॉल्तेअरने १७५२ मध्ये लुब्धक ताऱ्याकडून आलेला एक महाकाय प्रवासी पृथ्वीवर उतरवला, तो मात्र माणसाचा अहंकार मोजण्यापुरता.

कल्पनेला आजचे रूप १८९७ साली आले. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एच. जी. वेल्स यांची मंगळवासीयांच्या आक्रमणाची कादंबरी क्रमशः छापून येऊ लागली आणि जर्मनीत कुर्ड लासविट्झ यांची ‘दोन ग्रहांवर’ या अर्थाच्या नावाची कादंबरी प्रसिद्ध झाली. वेल्स यांनी पहिल्याच प्रकरणात टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा युरोपीयांनी पन्नास वर्षांत केलेला संहार आठवून दिला आहे. आपण जे केले तेच मंगळवासी आपल्याशी करत असतील तर तक्रार कसली, असा तो सवाल. लासविट्झ यांचे मंगळवासी उत्तर ध्रुवावर तळ ठोकून बसलेले, सुसंस्कृत, नीतिमान. ते मारायला आलेले नाहीत, सुधारायला आले आहेत. पाहता पाहता ते पृथ्वीला आपल्या संरक्षणाखाली घेतात आणि ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणून राज्य करू लागतात. संस्थानांचे तह आणि रेसिडेंट साहेब ज्यांनी इतिहासात वाचले आहेत, त्या मराठी वाचकाला या भागाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वेल्स यांचे पुस्तक जगभर गेले. लासविट्झ यांचे इंग्रजीत संक्षिप्त रूपाने यायला १९७१ उजाडले. या विषयावरच्या चर्चेत किरण-अस्त्रे जास्त आणि तैनाती फौज कमी दिसते, त्याचे एक कारण हे असावे.

संघर्ष की सहकार्य : लाइन्स्टरच्या कथेला सोव्हिएत रशियातून उत्तर आले. पुराजीवशास्त्रज्ञ व लेखक इव्हान येफ्रेमोव यांनी १९५८ च्या सुमारास लिहिलेल्या ‘सर्पाचे हृदय’ या दीर्घकथेतील यात्री ती जुनी अमेरिकन कथा वाचतात आणि तिच्यावर टीका करतात. ताऱ्यांपर्यंत पोचण्याइतका प्रगत झालेला समाज आपसांतील लूटमार मागे टाकूनच तेथे पोचलेला असणार, म्हणून त्याला भिण्याचे कारण नाही, हा त्यांचा युक्तिवाद. कथेतल्या परक्यांचे शरीर ऑक्सिजनऐवजी फ्लुओरिनवर चालते. एकमेकांना स्पर्श करणेही घातक असल्यामुळे मधल्या पारदर्शक भिंतीआडून देवाणघेवाण होते. शीतयुद्धाच्या दोन बाजूंनी दोन कथा लिहिल्या, असे म्हणून बहुतेक टीकाकार येथे थांबतात. पण येफ्रेमोव यांच्या कथेच्या अखेरीस पृथ्वीवरची जीवशास्त्रज्ञ स्त्री परक्यांना त्यांची शरीररचनाच बदलून ऑक्सिजनवर आणण्याचा मार्ग सुचवते. सद्भाव निर्विवाद आहे. तरी बदलायचे कोणी, हे न बोलता ठरलेले आहे.

हस्तक्षेप करू नये, हा तिसरा पक्ष. अमेरिकन दूरचित्रवाणीवरील ‘स्टार ट्रेक’ या मालिकेत १९६७ पासून ‘प्राइम डायरेक्टिव्ह’ या नावाचा नियम येतो : कमी प्रगत ग्रहांच्या स्वाभाविक विकासात ढवळाढवळ करायची नाही. त्याचा संबंध व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या लोकमताशी जोडण्याची प्रथा आहे. मालिकेतील नायक हा नियम पाळण्यापेक्षा मोडतानाच अधिक दिसतो. खगोलशास्त्रज्ञ जॉन बॉल यांनी १९७३ मध्ये हाच विचार उलट बाजूने मांडला. प्रगत संस्कृती असतील, पण प्राणिसंग्रहालयातल्यासारखे आपल्याला दुरून पाहत असतील, असे गृहीतक त्यांनी सुचविले. ते खोटे ठरवण्याचा मार्ग दिसत नाही, म्हणून पुष्कळ वैज्ञानिक त्याला गृहीतकाचा दर्जा द्यायला नाखूष असतात. स्तानिस्वाव लेम या पोलिश लेखकाचे मत या सर्वांहून वेगळे होते : भांडण होणार नाही, मैत्रीही होणार नाही, समोर काय आहे हेच माणसाला कळणार नाही.

संदेशांची भाषा : फ्रॉइडेन्थाल या डच गणितज्ञाने १९६० मध्ये ‘लिंकॉस’ ही गणिती भाषा मांडली. तिच्यात आधी संख्या, मग काळ, आणि नंतर दोन काल्पनिक व्यक्तींच्या संवादांतून वागणुकीचे धडे येतात. उत्तर बरोबर आले तर ‘चांगले’, चुकले तर ‘वाईट’. शिष्टाचारही समीकरणातून शिकवता येईल, ही त्यामागची श्रद्धा.

पायोनियर १० (१९७२) व पायोनियर ११ (१९७३) या यानांवर बसवलेल्या धातूच्या पट्टीवर विवस्त्र स्त्री-पुरुष, सूर्याचे स्थान दाखवणारा स्पंदकांचा (ठरावीक अंतराने रेडिओ-स्पंद देणाऱ्या ताऱ्यांचा) नकाशा आणि यानाचा मार्ग दाखवणारा बाण कोरलेला आहे. पट्टीचा आराखडा कार्ल सेगन व फ्रँक ड्रेक यांचा. नग्नतेवरून अमेरिकेतच गदारोळ झाला. पुरुषाने हात वर केला आहे, बाई नुसतीच उभी आहे, हाही आक्षेप निघाला. कलेतिहासकार ई. एच. गॉम्ब्रिक यांचा आक्षेप अधिक मूलगामी होता. बाणाचा अर्थ ‘इकडून तिकडे’ असा होतो, तो ज्यांच्या पूर्वजांनी शिकारीसाठी बाण मारले त्यांच्यासाठी. दुसऱ्या कोणाला ती तीन रेघांची जुळणी वाटेल. वर केलेल्या पंजाचेही तसेच. परक्यांशी होऊ शकणारा सांस्कृतिक गैरसमज म्हणजे काय, हे दाखवायला याहून नेमके उदाहरण क्वचितच मिळेल.

१९७७ मध्ये निघालेल्या दोन व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्यांत ५५ भाषांतील अभिवादने आहेत. त्यांत मराठीही आहे. पृथ्वीवरील लोक तुम्हाला शुभविचार पाठवतात, अशा अर्थाचे नमस्काराने सुरू होणारे वाक्य. याच तबकडीवर गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही चीज साडेतीन मिनिटे वाजते. व्हॉयेजर १ चे उड्डाण ५ सप्टेंबर १९७७ रोजी झाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. आपल्या गाण्याची ध्वनिमुद्रणे होण्याबाबत त्या अतिशय चोखंदळ असत, हे लक्षात घेता निवड थोडी गमतीची वाटते. पायोनियरच्या अनुभवाने सावध झालेल्या नासाने या वेळी नग्न जोडप्याचे छायाचित्र नाकारले.

दक्षतेचे नियम : नासाच्या सांगण्यावरून ब्रुकिंग्ज संस्थेने १९६० मध्ये केलेल्या अहवालाच्या एका छोट्या भागात असा इशारा आहे की, आपल्या स्थानाविषयी निःशंक असलेले समाज अनोळखी समाजाशी गाठ पडल्यावर विस्कटून गेल्याची उदाहरणे मानवशास्त्रात आहेत, जे टिकले त्यांनी मूल्ये व वागणूक बदलण्याची किंमत मोजली. १६ नोव्हेंबर १९७४ रोजी प्वेर्तो रिकोतील आरेसिबो दुर्बिणीवरून एम १३ या तारकागुच्छाकडे १,६७९ द्विमान अंकांचा (० किंवा १ एवढ्याच अंकांचा) संदेश पाठवण्यात आला. ही संख्या २३ व ७३ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे, म्हणून अंक आयतात मांडता येऊन चित्र तयार होते. प्रक्षेपण तीन मिनिटांहूनही कमी वेळात संपले. तरी ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी त्याला जाहीर विरोध केला. परके दुष्ट किंवा भुकेले असू शकतात, असे त्यांचे म्हणणे. स्टीफन हॉकिंग यांनी २०१० मध्ये कोलंबसाचे आगमन व अमेरिकेतील मूळ रहिवासी यांचा दाखला देत तोच इशारा दिला. तारकागुच्छ सुमारे २५,००० प्रकाशवर्षे दूर असल्याने आरेसिबोच्या संदेशापुरती ही भीती लवकर खरी ठरण्यासारखी नाही; आक्षेप आहे तो एका वेधशाळेने साऱ्या पृथ्वीच्या वतीने बोलण्यालाच. आंतरराष्ट्रीय अंतराळविज्ञान अकादमीने १९८९ मध्ये संमत केलेल्या तत्त्वांनुसार संकेत मिळाल्यास आधी खातरजमा करावी, मग तो जाहीर करावा आणि आंतरराष्ट्रीय विचारविनिमयाशिवाय उत्तर देऊ नये. ही तत्त्वे कायद्याने बंधनकारक नाहीत.

प्रत्यक्ष पाळला जाणारा नियम सूक्ष्मजीवांविषयीचा आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या नवव्या कलमानुसार इतर खगोलांचे हानिकारक दूषण टाळणे सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक आहे. त्याच धोरणाने गॅलिलिओ यान २००३ मध्ये गुरूच्या आणि कॅसिनी यान २०१७ मध्ये शनीच्या वातावरणात मुद्दाम जाळण्यात आले. युरोपा किंवा एन्सेलॅडस या उपग्रहांवर, बर्फाखालच्या पाण्यात काही जिवंत असेल तर त्याला पृथ्वीवरचा जंतू लागू नये म्हणून.

भारतीय साहित्यात : सत्यजित राय यांच्या १९६२ मधील एका बंगाली कथेत परग्रहवासी बंगालच्या खेड्यात उतरतो आणि गावाने ज्याची कायम थट्टा केली त्या मास्तराला मान ताठ ठेवायला शिकवून निघून जातो. मराठीत विज्ञानकथेला १९७० च्या दशकापासून मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धांनी चालना दिली. जयंत नारळीकर यांची पहिली कथा, ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने, अशाच स्पर्धेसाठी आली होती. परग्रहावरून आलेला मुलगा पृथ्वीवर वाढतो, ही कल्पना त्यांच्या ‘प्रेषित’ या कादंबरीत आहे. तेथे परका शत्रू म्हणून येत नाही, घरातला होऊन येतो.